वळणावरचा खटका

गेल्या अंकात आपण टायरमधील हवा आणि ऋतुमानानुसार होणारे तिचे चढउतार यांविषयी विचार केला होता. या वेळचा विषय माझ्याच घरातून आला आहे आणि त्यात चूकही माझीच आहे. हिशेबात चूक झाली तर ती खोडू नये, तिच्याखाली दुरुस्तीची नोंद करावी, असे आमचे वडील सांगत. त्याच न्यायाने ही हकीकत वाचकांसमोर ठेवीत आहे.

पुणे जिल्ह्यात लोणी नावाची गावे अनेक आहेत. लोणी काळभोर आणि लोणी कंद सर्वांच्या परिचयाची. आमचे लोणी आंबेगाव तालुक्याच्या पूर्व अंगाला, धामणीच्या शेजारी, बेल्हे-जेजुरी रस्त्यावर वसलेले आहे. याच रस्त्याने दक्षिणेला गेले की पाबळ लागते. तेथील पद्ममणी तीर्थामुळे आपल्यापैकी बहुतेकांनी हा रस्ता कधी ना कधी पाहिलेला असेल. उत्तरेला पारगावचा भीमाशंकर साखर कारखाना. गाळपाच्या हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या अहोरात्र ये-जा करतात. गावोगावचे गतिरोधक, खचलेल्या साइडपट्ट्या आणि डांबरावरून मातीत उतरणारी वळणे हा ग्रामीण व्यापाऱ्याच्या गाडीचा रोजचा आहार असतो. शहरातील गाडीपेक्षा तिच्या पुढच्या चाकांचे सांधे लवकर थकतात, यात नवल नाही.

आमचे किराणा-भुसारचे दुकान आणि त्यामागे वखार. घरची छोटी मोटार वखारीच्या आवारात उभी असते. फाटकातून रस्त्यावर येताना थोडा उतार आहे आणि लगेच डावीकडे वळावे लागते. मुलांना मंचरला शाळेत सोडणे, येताना दुकानाची किरकोळ खरेदी करणे, ही कामे सूनबाई करतात. गेल्या हिवाळ्यात त्या एकदा म्हणाल्या, “पप्पाजी, डावीकडे वळताना पुढून खट् असा आवाज येतो.” मी म्हणालो, “गाडी जुनी झाली की बोलतेच.” त्यानंतरही त्यांनी एक-दोनदा सांगितले. अखेर एका रविवारी मी स्वतः गाडी घेऊन पाबळपर्यंत सरळ रस्त्याने जाऊन आलो. आवाज आला नाही. विषय मी तेथेच मिटवला.

पुढे आवाज वाढला तेव्हा गाडी एका गॅरेजमध्ये नेली. “वळताना आवाज येतो” एवढेच मी सांगितले. कारागिराने तेवढ्यावरच निदान केले, “ॲक्सल गेला.” उजव्या बाजूचा ड्राइव्ह शाफ्ट बदलला, काही हजार रुपयांचे बिल झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकातून बाहेर पडताना तोच खटका पुन्हा ऐकू आला.

आता त्या कारागिराला दोष देण्याआधी मी कोणती माहिती दिली होती, हे पाहणे न्यायाचे ठरेल. आपण व्यापारी माणसे. तेरीज जुळली नाही तर आपण सगळी खाती उलटीपालटी करीत नाही. आधी फरक किती आहे ते पाहतो. फरकाला नऊने नि:शेष भाग गेला, तर कोठेतरी ६३ च्या जागी ३६ लिहिले गेले असावेत, असा संशय घेतो. फरक १,००० रुपयांचा असेल, तर ५०० ची एखादी रक्कम जमेऐवजी नावे टाकली गेली आहे का, ते शोधतो. फरकाचे स्वरूप चुकीचे स्वरूप सांगते. गाडीच्या आवाजाचेही तसेच आहे. तो केव्हा येतो, केव्हा येत नाही, एकदाच येतो की चाकाच्या फेऱ्यांबरोबर पुन:पुन्हा येतो, एवढे नीट टिपले तर संशयितांची यादी दोन-तीन नावांवर येते. “वळताना आवाज येतो” हे वाक्य “हिशेबात फरक येतो” या वाक्याइतकेच निरुपयोगी आहे.

प्रथम ‘ॲक्सल गेला’ हे निदान इतक्या सहज तोंडी का येते, ते पाहू. आपल्या वडिलांच्या पिढीतील ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांना इंजिनाची ओढ मागच्या चाकांवर असे. पुढची चाके केवळ दिशा देत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनी ओढली जाणारी छोटी मोटार घरोघरी पोहोचली. आता पुढच्या चाकांना दोन कामे आली: गाडी ओढणे आणि वळवणे. वळलेल्या चाकालाही फिरण्याची ताकद अखंड व सारख्या गतीने मिळावी, यासाठी ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाला एक विशेष सांधा असतो, त्याला सीव्ही जॉइंट म्हणतात. त्यात बहुधा सहा पोलादी गोळ्या खोबणीतून सरकत असतात. या रचनेचे मूळ अमेरिकेतील फोर्ड कंपनीचे अभियंता अल्फ्रेड रझेप्पा यांनी १९२० च्या दशकात केलेल्या संशोधनात आहे. १९५९ च्या ब्रिटिश ‘मिनी’ मोटारीनंतर ती छोट्या गाड्यांत रूढ झाली.

या सांध्यावर ग्रीसने भरलेले, घड्या असलेले रबरी आवरण असते. कारागीर त्याला ‘बूट’ म्हणतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर फेकले जाते, धूळ-पाणी आत शिरते आणि खोबण्या झिजतात. मग चाक पूर्ण वळवून वेग देताच ‘कट-कट-कट’ असा तालबद्ध आवाज येऊ लागतो. वेग वाढला की ताल वाढतो आणि वळण सरळ झाले की आवाज थांबतो. ही सीव्ही जॉइंटची खूण होय. मोकळ्या मैदानात पहिल्या गियरमध्ये, स्टिअरिंग पूर्ण वळवून, हळूहळू एक चक्कर डावीकडे व एक उजवीकडे घ्यावी. डाव्या चकरेत आवाज मोठा आला तर बहुधा उजव्या, म्हणजे बाहेरच्या चाकाचा सांधा पाहावा. उजव्या चकरेत आला तर डाव्या. चाकाच्या आतील बाजूस काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर संशय पक्का होतो. बूट नुकताच फाटला असेल आणि आवाज सुरू झाला नसेल, तर सांधा स्वच्छ करून, नवे ग्रीस भरून, नवा बूट बसवणे पुरते. आवाज सुरू झाल्यावर नुसता बूट बदलणे म्हणजे बुडीत उधारीला नवे पान लावणे होय.

बोलेरो पिकअपसारख्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या मालवाहू गाडीत पुढच्या चाकांना हा सांधाच नसतो. तेथे कोणी ‘पुढचा ॲक्सल’ म्हणू लागला तर आधी गाडी कोणत्या चाकांवर चालते, ते विचारावे.

आमच्या गाडीचा आवाज मात्र तालबद्ध नव्हता. तो एकच ठोका होता, हे मला ठाऊक नव्हते. सूनबाईंना ठाऊक होते. शाफ्ट बदलूनही आवाज राहिला, तेव्हा त्यांनी शाळेची एक जुनी वही गाडीच्या कप्प्यातून काढून माझ्यासमोर ठेवली. त्यात दोन महिन्यांच्या नोंदी होत्या:

“फाटकातून उतरताना, डावीकडे: एक खट्. उजवीकडे: नाही.

उभ्या गाडीत स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवले: नाही.

डिकी रिकामी केली, स्टेपनी व जॅक काढून ठेवला: आवाज तसाच.

मैदानात गोल चक्कर मारली: कट-कट नाही.

गतिरोधकावर ब्रेक दाबून वळले: आवाज मोठा, पायाला जाणवतो.

सरळ रस्त्यावर, वेगात: नाही.”

आणि मधूनमधून, तारखेसह, तीन ठिकाणी एकच ओळ होती: “पप्पाजींना सांगितले.”

ती वही घेऊन मी मंचरला दुसऱ्या एका वयस्कर कारागिराकडे गेलो. या वेळी सूनबाईंना सोबत नेले. त्याने वही दोनदा वाचली आणि म्हणाला, “शेठ, निम्मे काम वहिनींनीच करून ठेवले आहे.” मग त्याने एकेक नोंद घेऊन काय वगळायचे ते आम्हांला सांगितले. ते जसेच्या तसे उपयोगी आहे, म्हणून येथे देतो.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना पुढून ‘टण्ण’ किंवा दाबलेली स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येत असेल, तर शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या टोकाचे माउंटिंग किंवा त्यातील बेअरिंग अडकत असते. बॉनेट उघडून एकाने त्या माउंटिंगच्या माथ्यावर हात ठेवावा व दुसऱ्याने स्टिअरिंग फिरवावे. झटका हाताला लागतो. स्प्रिंगच्या वेढ्यांत बोटे घालू नयेत. आमच्याकडे हा आवाज नव्हता. म्हणून हे कारण वगळले.

खटका चाकापेक्षा स्टिअरिंगवरील हातालाच अधिक जाणवत असेल, तर स्टिअरिंगच्या दांड्यातील छोटा क्रॉस किंवा खालचा रॅक पाहावा. आमच्याकडे तो पायाखाली जाणवत होता; म्हणून हेही मागे पडले.

वळण असो वा नसो, एकच चाक खड्ड्यात गेले की ‘खडखड’ होत असेल, तर स्टॅबिलायझर लिंक ढिली असते. हा भाग तुलनेने स्वस्त, आणि ग्रामीण रस्त्यांवर वारंवार झिजणारा. ब्रेकवर किंचित पाय ठेवताच खडखड थांबत असेल, तर ब्रेक पॅड आपल्या जागी सैल बसलेले असण्याचा संभव अधिक. क्लच सोडताना किंवा गाडी पुढे-मागे घेताना ठोका बसत असेल, तर इंजिनाखालचे रबरी माउंटिंग पाहावे.

या सर्वांआधी दोन गोष्टी स्वतः पाहाव्यात. एक, चाकाचे नट. पंक्चर काढून आणल्यावर नट पुरेसे आवळलेले नसतील तर वळणावर तसाच ठोका येतो, आणि तो सर्वांत धोक्याचा असतो. अशा वेळी गाडी तेथेच थांबवून नट आवळावेत. दुसरी, डिकीतील जॅक, स्टेपनी, आसनाखाली घरंगळणारी पाण्याची बाटली. एखाद्या तेलाच्या रिकाम्या डब्यापायी सस्पेन्शन उघडले गेल्याची उदाहरणे गॅरेजवाले हसत सांगतात.

एवढे वगळल्यावर मागे राहिले दोनच संशयित: लोअर आर्मचे रबरी बुश आणि त्याच आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकावर येतो. उतार आणि ब्रेक यांमुळे तो पुढे झुकतो. आवाज त्याच वेळी येत होता. म्हणून त्याने प्रथम उजवे पुढचे चाक उचलले.

त्याची पद्धत पाहण्यासारखी होती. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्हीकडून विटांची टेकणे. जॅकने उचलल्यावर खाली लोखंडी स्टँड लावला. नुसत्या जॅकच्या भरवशावर त्याने खाली हातसुद्धा घातला नाही. मग चाकाच्या माथ्यावर व तळाशी हात धरून ते आत-बाहेर हलवले. हाताला ढिलाई लागली. अशी ढिलाई चाकाच्या बेअरिंगचीही असू शकते. म्हणून त्याने सूनबाईंना ब्रेक दाबून धरायला सांगितले व चाक पुन्हा हलवले. ब्रेक दाबल्यावर ढिलाई नाहीशी झाली तर दोष बेअरिंगचा, आणि तशीच राहिली तर सांध्याचा. ती तशीच राहिली. चाक डावी-उजवी बाजू धरून हलवले असता ढिलाई नव्हती. म्हणजे टाय रॉड एंड ठीक होता. शेवटी त्याने लोअर आर्मजवळ टॉमी लावून उचकले आणि मला वाकून पाहायला सांगितले. सांध्याची पोलादी गोळी आपल्या उखळीत वर-खाली होताना उघड्या डोळ्यांनी दिसत होती. तिचे रबरी आवरण फाटलेले होते. आतील ग्रीसची जागा लाल मातीच्या चिखलाने घेतली होती.

आपल्या खुब्याचा सांधा जसा उखळीचा असतो, तसाच हा. चाकाने वळावे आणि त्याच वेळी वर-खालीही व्हावे, ही मुभा तोच देतो. झिजला की प्रथम तो वळणावर एक ठोका देतो. दुर्लक्ष केले तर एके दिवशी गोळी उखळीतून निसटते. चाक गाडीखाली दुमडते, स्टिअरिंग हातात राहते पण गाडी ऐकेनाशी होते. कारागीर एवढेच म्हणाला, “अजून किती दिवस टिकला असता, ते सांगता येत नाही. पण मुलांना घेऊन तर नकोच.” मी सूनबाईंकडे पाहू शकलो नाही. सीव्ही जॉइंट कटकटत असला तरी तो बहुधा बरेच दिवस सूचना देत राहतो. बॉल जॉइंट तितका उदार नसतो. म्हणूनच ‘वळताना आवाज येतो’ या एका वाक्यात दोन्हींना कोंबणे धोक्याचे आहे.

दुरुस्तीविषयी थोडे. काही गाड्यांत बॉल जॉइंट सुटा मिळतो, काहींत संपूर्ण लोअर आर्मच बदलावा लागतो. हे आधी विचारून घ्यावे. उजव्या बाजूचा झिजला असेल तर डाव्या बाजूचाही तपासावा, कारण रस्ता दोघांनीही सारखाच सोसलेला असतो. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. चाक हवेत लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. हा मुद्दा पुष्कळ ठिकाणी घाईत राहून जातो. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे, नाहीतर नवे टायरही एका कडेने झिजतील. काढलेला जुना भाग मागून घ्यावा आणि पाहावा. त्यात अविश्वास काही नाही. वजनकाट्यावर माल समोर तोलून देतो तेव्हा गिऱ्हाईकही आपल्यावर अविश्वास दाखवीत नसते.

चाचणीच्या फेरीला मात्र ज्याने आवाज ऐकला, त्यालाच कारागिराबरोबर पाठवावे. मी एकटा सरळ रस्त्याने पाबळला गेलो. जेथे आवाज येतच नाही तेथे त्याला शोधले आणि तो नाही असा निकाल दिला. त्याच पाबळमध्ये १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतील संशोधनाचे काम सोडून ते या अवर्षणग्रस्त गावात आले आणि खेड्यातील मुलांना हाताने काम करीत विज्ञान शिकवू लागले. पाहावे, करावे, नोंदवावे आणि मग बोलावे, ही त्या शिक्षणाची रीत. त्या आश्रमावरून मी आयुष्यभर गेलो-आलो. रीत मात्र माझ्या घरात शाळेच्या जुन्या वहीत सापडली.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी आज गाडी एक आणि चालवणारे तिघे-चौघे आहेत: मुलगा, सून, कधी पगारी ड्रायव्हर. पैसे देणारा मात्र बहुधा मागच्या आसनावर नाहीतर गादीवर बसलेला असतो. गाडीची भाषा ज्याच्या हातात स्टिअरिंग असते त्याला प्रथम कळते. त्याच्यासाठी गाडीत एक छोटी वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, आवाज कसा, कोणत्या वळणावर, ब्रेक दाबलेला की सोडलेला, गाडी रिकामी की भरलेली, एवढे सहा रकाने पुरेत. आणि आठवड्यातून एकदा, दुकानाचा हिशेब पाहतो त्या वेळी, तीही वही पाहावी.

आमच्या वहीत आता शेवटची नोंद आहे: “फाटकातून डावीकडे, ब्रेक दाबून: आवाज नाही.” तिच्याखाली किलोमीटरचा आकडा आहे. त्याच्याही खाली, रोजमेळ तपासल्यावर करतो तशी, मी माझी सही केली आहे.

पुढील अंकात पावसाळ्यापूर्वी तपासावयाचे ब्रेक आणि वायपर.